एका गुणाचा हिशेब

(आयटीआयचे विद्यार्थी आणि गॅरेजमध्ये काम शिकणारे तरुण यांच्यासमोर सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुलांनो, फळ्यावर मी दोनच आकडे लिहिलेत. ७२ आणि ७१. २००३ सालच्या जागतिक रॅली स्पर्धेचा हा शेवट आहे. नॉर्वेचा पेटर सोल्बर्ग ७२ गुणांवर, फ्रान्सचा सेबास्टियन लोएब ७१ वर. जानेवारीत माँटे कार्लोच्या बर्फात सुरू झालेली लढत नोव्हेंबरात वेल्सच्या चिखलात संपली. एकूण १४ रॅली झाल्या आणि फरक पडला एका गुणाचा. तो एक गुण कुठून आला, एवढंच मला आज सांगायचंय.

आधी रॅली म्हणजे काय ते बघू, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात फॉर्म्युला वन आहे. इथे गोल ट्रॅक नसतो आणि गाड्या एकमेकींना चिकटून पळत नाहीत. समजा, आपला तुळजापूरचा घाट सकाळी दोन तास बंद केला. एकेक गाडी ठरावीक अंतराने सोडली, खाली आणि वर घड्याळ लावलं. ही झाली एक स्टेज. अशा वीसेक स्टेजच्या वेळांची बेरीज करायची, ज्याची सगळ्यात कमी तो पहिला. दोन स्टेजच्या मधे हीच गाडी नंबर प्लेट लावून, सिग्नलला थांबून, साध्या रस्त्यावरून जाते. सर्व्हिसला मोजकी मिनिटं मिळतात. मेकॅनिकला उशीर झाला की मिनिटाला दहा सेकंद दंड, आणि तो ड्रायव्हरच्या वेळेत धरला जातो.

शेजारच्या सीटवर बसतो तो को-ड्रायव्हर. दोघांनी आधी हळू गाडी चालवत रस्ता पाहिलेला असतो, प्रत्येक वळणाची नोंद वहीत केलेली असते. मग शर्यतीत तो वाचत जातो: डावं चार, शंभर मीटर, उजवं सहा, आत कापू नको. आकडा म्हणजे वळण किती तीव्र ते. ड्रायव्हरला पुढचं वळण दिसतही नसतं. तो त्या आवाजावर गाडी घालतो. सोल्बर्गचे नोट्स वाचायचा फिल मिल्स, वेल्सचा माणूस. लोएबच्या शेजारी डॅनियल एलेना. फोटोत ही माणसं कडेला असतात, पण मला विचाराल तर अर्धी शर्यत तीच चालवतात.

आता तेव्हाची गाडी. दोन लिटरचं टर्बो इंजिन, चारही चाकांना ताकद, वजन किमान १२३० किलो. टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटरचं रिस्ट्रिक्टर बसवलेलं असायचं. इंजिन कितीही भारी बनवा, हवा तेवढ्याच भोकातून येणार, म्हणून ताकद साधारण ३०० हॉर्सपॉवरच्या आसपास अडायची. सोल्बर्गच्या सुबारू इंप्रेझामध्ये चार सिलिंडर आडवे झोपवलेले, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. त्यामुळे गाडीचा भार जमिनीजवळ राहतो. लोएबची सिट्रोएन क्सारा. ताकद सगळ्यांची जवळपास सारखीच, मग खेळ उरतो सस्पेन्शनचा, टायरचा आणि डोक्याचा. स्वीडनला बर्फ, ग्रीस आणि सायप्रसला चाक फोडणारे दगड, ऑस्ट्रेलियात पर्थजवळ रस्त्यावर गोल गोल खडी, जणू कुणी सायकलचे छर्रे सांडलेत. एकच गाडी या सगळ्यांवर पळवायची.

त्या वर्षी गुणांची पद्धत बदलली होती. आधी पहिल्या सहांनाच गुण मिळायचे. २००३ पासून पहिल्या आठांना मिळू लागले: १०, ८, ६, ५, ४, ३, २, १. जुलैत जर्मनीत लोएबने फिनलंडच्या मार्कस ग्रोनहोल्मला अवघ्या ३.६ सेकंदांनी हरवलं. सगळे कॅमेरे तिकडे. सोल्बर्ग त्या रॅलीत आठवा आला. आठवा! त्या दिवशी त्याच्याकडे कोण बघणार? पण आठव्याचा एक गुण त्याच्या खात्यात पडला. जुन्या नियमात शून्य मिळालं असतं. बरोबरी झाली असती तरी जास्त विजयांमुळे तोच जिंकला असता, चार विरुद्ध तीन, हे खरं आहे. पण मला तो एक गुण फार आवडतो. जिंकायची आशा संपल्यावरही गाडी शेवटापर्यंत नेली, त्याचा तो गुण आहे.

आता ज्या रात्रीसाठी मी इथे उभा आहे ती रात्र. ऑक्टोबर, कोर्सिका बेट. डांबरी रस्ता, एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला दरी. रॅली सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गाडी तपासायला छोटी सरावाची फेरी असते. त्या फेरीत सोल्बर्गने गाडी रस्त्याकडेच्या खांबावर घातली. गाडीची अवस्था अशी की बघणाऱ्यांनी त्याची रॅली संपली असंच धरलं होतं. सुबारूच्या मेकॅनिक लोकांनी रात्रभर काम केलं. सकाळी गाडी सुरुवातीच्या रेषेवर उभी. आणि सोल्बर्गने ती रॅली जिंकली.

मी तीस वर्षं पाना धरतोय, म्हणून ही गोष्ट मला नुसती ऐकून सोडता येत नाही. ठोकलेली गाडी सरळ करणं म्हणजे डेंटिंग नव्हे. बॉडीचे माप काढायचे. चाकाचा कोन एखाद्या अंशाने चुकला तरी गाडी एका बाजूला ओढते, आणि इथे ती ओढली तर दरी आहे. ज्या गाडीने काल खांब धरला, तिच्यात बसून सकाळी पूर्ण वेगात वळणात घुसायचं, तर ड्रायव्हरचा त्या रात्रीच्या हातांवर किती भरवसा असेल! एकदा गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर चादरींच्या गठ्ठ्यांनी भरलेला टेम्पो माझ्या दारात क्लच जळून आला. आम्ही तिघांनी पहाटेपर्यंत तो उभा केला. सकाळी तो वळून दिसेनासा होईपर्यंत मी रस्त्यातच उभा होतो. त्या दहा गुणांतला आनंद मला तेवढ्यापुरता कळतो.

कोर्सिकात लोएब तेरावा, गुण शून्य. पुढच्या आठवड्यात स्पेन. तिथे शेवटच्या दिवशी पावसाने टायरचा हिशेब उलटवला आणि फ्रान्सच्याच जिल पानिझ्झीने लोएबच्या हातातली रॅली काढून घेतली. दहाऐवजी आठ गुण. ते दोन गुण मिळाले असते तर लोएब ७३ वर संपला असता. एका पावसाने एक जगज्जेतेपद फिरलं.

वेल्सला जाताना स्पेनचा कार्लोस साइन्झ ६३, लोएब ६३, सोल्बर्ग ६२ आणि इंग्लंडचा रिचर्ड बर्न्स ५८. चार जण पाच गुणांत. बर्न्सचं आवर्जून सांगतो. वर्षभरात त्याने एकही रॅली जिंकली नाही, तरी सात वेळा पहिल्या तिघांत आला आणि बराच काळ तोच सगळ्यांच्या पुढे होता. वेल्सला जाताना, स्वतः गाडी चालवत असताना त्याची शुद्ध हरपली. मेंदूत गाठ निघाली. तो पुन्हा रॅलीत उतरला नाही. २५ नोव्हेंबर २००१ ला तो जगज्जेता झाला होता. २५ नोव्हेंबर २००५ ला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो गेला. २००३ चा हिशेब मांडताना त्याचे ५८ गुण मी कधीच खाली लिहीत नाही.

वेल्समध्ये साइन्झची गाडी रस्त्याबाहेर गेली. उरले दोघे. सोल्बर्ग पुढे, लोएब मागे. सिट्रोएनला उत्पादकांचं, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपन्यांचं, विजेतेपद जवळ दिसत होतं, म्हणून लोएबला सांगितलं गेलं, धोका पत्करू नको, गाडी घरी आण. एकोणतीस वर्षांचा मुलगा, पहिलं विजेतेपद हाताच्या अंतरावर, आणि त्याने ऐकलं. दुसरा आला. सिट्रोएन जिंकली, तो एका गुणाने हरला. पुढच्या वर्षापासून २०१२ पर्यंत सलग नऊ वेळा तोच जगज्जेता झाला. सोल्बर्गला मात्र पुन्हा ते कधी मिळालं नाही. आणि त्या २००३ च्या शेवटी मिल्सच्या स्वतःच्या देशात, कार्डिफला, सोल्बर्ग आणि मिल्स गाडीच्या टपावर चढले.

मघाशी मागच्या रांगेतून एकाने विचारलं, आपल्याकडे असं कोणी आहे का. आहे. गौरव गिलने आशिया-पॅसिफिक रॅलीचं विजेतेपद तीनदा मिळवलं आणि २०१९ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण त्याच्या गाडीखाली झोपून काम करणारी पोरंही लागतातच ना?

उद्या सकाळी माझ्या गॅरेजात एका जीपचा गिअरबॉक्स उतरवायचाय. ज्यांना बघायचंय त्यांनी नऊला या. जुने कपडे घाला, डबा आणा, दुपार होईल.