तेवीस वस्तू आणि दोन मुलं

[दृश्य: अमळनेर. कोर्टाबाहेरचं टायपिंगचं टेबल, वर ऊन अडवायला ताणलेली ताडपत्री.]

नवरा-बायको वेगळे होतायत, त्या कागदावर तेवीस वस्तू आहेत. लोखंडी कपाट एक. फ्रिज एक. पितळी पिंप आणि त्यावरची कळशी. गाद्या दोन. सोन्याची पोत, कानातले, चांदीची जोडवी. मिक्सरसुद्धा सुटलेला नाही. त्याच्या तीन भांड्यांपैकी एकाचा कान तुटलाय, तेही लिहिलंय.

चोविसाव्या ओळीत मुलं येतात. "दोन्ही अपत्यांचा ताबा आईकडे राहील व वडील त्यांना सोयीनुसार भेटू शकतील." पुढे सह्या.

सोयीनुसार म्हणजे कोणाच्या सोयीनं, ते कागद सांगत नाही.

हे जोडपं आम्ही या फिल्मपुरतं कल्पनेनं उभं केलंय. नवरा सुरतला लूमवर कामाला, गावी वाट्याची थोडी कपाशी. बायको अमळनेरजवळ माहेरी. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी चार. पटलं का नाही, ते आम्ही विचारणार नाही. ते ओट्यावर रोज कमीजास्त करून सांगितलं जातंच.

[दृश्य: स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का उमटतो.]

याला कुणी फारकत म्हणतं, कुणी सोडचिठ्ठी. चार शहाणी माणसं बसतात, स्टॅम्प येतो, शिक्का बसतो आणि दोन्हीकडचे समजतात की सुटलो. हिंदू विवाह कायदा 1955 चा आहे. त्यात लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकूमनाम्यानं, नोटरीच्या शिक्क्यानं नाही. समाजात फारकतीची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण रूढी सिद्ध करावी लागते. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा घरांना तर हा कायदा एरवी लागूच होत नाही. तिथं पंच बसतात आणि देज, म्हणजे लग्नात मुलीकडच्यांना दिलेली रक्कम, परत करायचा हिशेब होतो. बाकीच्यांनी मात्र असल्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं, तर तो गुन्हा ठरू शकतो.

मग हा कागद फाडून टाकायचा का? नाही. वेगळं राहायला लागल्यावर कोण कुठं राहील, खर्च कोण देईल, हे लिहून ठेवायला तो कामाचा आहे. दोघांना घटस्फोट नको, पण एका छताखालीही राहायचं नसेल, तर कलम 10 खाली न्यायिक विभक्ती मागता येते; त्यासाठी कायद्यातलं कारण मात्र दाखवावं लागतं. आणि दोघांच्या संमतीनं घटस्फोट घ्यायचा, तर कलम 13-ब: आधी किमान एक वर्ष वेगळं राहणं, मग पहिला अर्ज, मग साधारण सहा महिने थांबून दुसरा. ती सहा महिन्यांची अट न्यायाधीश योग्य प्रकरणात शिथिल करू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं. त्या वेळी हाच मसुदा तडजोडीच्या अटी म्हणून कोर्टापुढं जातो. वकील त्याला पुरसिस म्हणतात.

एक ओळ मात्र कितीही शिक्के मारले तरी पक्की होत नाही. मुलांची. लहान मुलाच्या ताब्याचा हुकूम कोर्ट पुढे बदलू शकतं, कारण मोजायचं असतं मुलाचं हित. पाच वर्षांच्या आतलं मूल कायद्यानं सहसा आईकडे राहतं. आणि "मुलांसाठीही मी कधी पोटगी मागणार नाही" हे वाक्य, जे बैठकीत फार आवडीनं लिहून घेतलं जातं, ते मुलांना बांधत नाही. मुलांचा हक्क आईनं सोडायचा नसतो. तो तिचा नाहीच.

[दृश्य: वकील मॅडमचं टेबल. तेच कागद, आता त्यांवर पेनानं रेघोट्या.]

त्या बायकोला कोर्टातच या मोफत वकील मिळाल्यात. विधी सेवा कायदा 1987 चा. त्यात बाईचं उत्पन्न विचारत नाहीत. तालुक्याला विधी सेवा समिती असते, हेल्पलाइन 15100.

मॅडम वस्तूंची यादी बाजूला सारतात. म्हणतात, "ताई, कपाट कुठं जाईल ते कळलं. आता आखाजीचं बोला."

इथून खरा करार सुरू होतो. शहरातल्या मसुद्यांत दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी वाटलेली असते. खान्देशात त्यानं भागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, खापरावर पुरणपोळी होते. त्याच दिवशी सासरी पितरांच्या नावानं घागर भरायची असते आणि नातू तिथं हवा असतो. बरं, तारीख लिहून चालत नाही. 2025 मध्ये आखाजी 30 एप्रिलला होती, 2026 मध्ये 19 एप्रिलला. एखाद्या वर्षी ती सुट्टीत पडेल, एखाद्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर. म्हणून मॅडम तारीख खोडतात आणि लिहितात: एक वर्ष आईकडे, पुढचं वडिलांकडे, आणि दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर शाळेच्या गावी.

मग कानबाई, खान्देशातल्या देवीचा सण. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. बाहेरगावचे भाऊबंद गावी परततात. कितीक घरांत रोटासाठी, म्हणजे कानबाईच्या नैवेद्यासाठी, घरातल्या पुरुषांच्या नावानं धान्य मोजतात. सहा वर्षांच्या पोराचंही. त्याची आजी, म्हणजे वडिलांची आई, बाकावरून एकच विचारते, "कानबाईले पोऱ्या कोठे ऱ्हाई?" इतका वेळ ती काही बोललेली नव्हती. कानबाई वडिलांकडे, असं ठरतं. आणि मुलीलाही न्यायचं, हे मॅडम मुद्दाम घालतात. पोरीच्या नावाची मूठ मोजत नाहीत म्हणून तिनं मागं राहायचं, हे मलाही पटलं नसतं.

[दृश्य: कापसाचा ढीग. मग बँकेचं पासबुक.]

पैशांचं कलम आधी असं होतं: दरमहा 5 तारखेला. पगार होतो 10 ला. म्हणजे पहिल्याच महिन्यात करार मोडणार आणि नव्यानं भांडण. शाळेचा खर्च जूनमध्ये अंगावर येतो, कपाशीचा पैसा दिवाळीच्या आसपास. तर महिन्याची रक्कम 12 तारखेला, थेट बँकेत, मामाच्या हाती रोख नाही. वह्या-गणवेशाचं वेगळं. कपाशीतला ठरलेला भाग कापूस विकल्यावर. पोटगीच्या दाव्यात दोघांनी आपली मिळकत शपथेवर सांगायची, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये ठरवून दिलं, आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी त्याचा नमुनाच वेगळा दिला. सातबाऱ्यावर नाव वडिलांचं, राबणार मुलगा, असल्या घरांत हा नमुना भरताना बऱ्याच गोष्टी उघड्यावर येतात.

मुलीचं सुकन्या खातं आहे. वर्षाला किमान 250 रुपये भरले नाहीत तर ते थकीत होतं. पासबुक सासरच्या कपाटात, जे कपाट आता माहेरी चाललंय. पासबुकाची ओळ त्या पहिल्या कागदात नव्हती.

भेटीचं कलम सगळ्यात लांबलं. दर महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार. सुरतेची गाडी नंदुरबार, दोंडाईचा करत अमळनेरला येते. मुलं घ्यायची आणि सोडायची ती स्टेशनवर. घरी नाही, कारण दारात उभं राहिलं की जुनं सगळं निघतं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल, फोन मुलाच्या हातात, आई खोलीबाहेर. नवऱ्यानं आढेवेढे घेतले, बायकोनंही. एकमेकांविषयी मुलांपुढं वाईट बोलायचं नाही, हेही लिहिलं; पाळलं जातंय का, ते कुठलंही कोर्ट रोज बघू शकत नाही.

शेवटी घातलेलं कलम अगदी बारीक होतं. उशीर होणार असेल तर आधी फोन करायचा.

[दृश्य: अमळनेर स्टेशन. बाकावर दोन दप्तरं.]

महिन्याचा दुसरा शनिवार. पोरगं रुळांकडे बघतंय, पोरगी बिस्किटाचा पुडा फोडायला लागलीय. गाडी चाळीस मिनिटं मागे आहे. आईच्या हातातला फोन वाजतो. ती नाव बघते आणि उचलून मुलाकडे देते.