बधिर टाच

श्रोतेहो, नमस्कार.

येशूचा प्रेषित संत पौल याने फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला, पत्र लिहिलं ते कैदेतून. त्यात तो म्हणतो की, ज्या स्थितीत आहे तिच्यात संतुष्ट राहायला मी शिकलो आहे. 'शिकलो' हा शब्द कानात राहू द्या. संतोष काही त्याच्या अंगी उपजत नव्हता. संतोषासाठी त्याने वापरलेला मूळ ग्रीक शब्द त्या काळी स्टोइक या तत्त्वज्ञांच्या पंथाच्या लोकांच्या तोंडी असे. सुखदुःखाचा ओरखडाही ज्याच्यावर उठत नाही, असा माणूस त्यांना अभिप्रेत होता. पौल मात्र तीनच वचनं पुढे जाऊन लिहितो, माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात, बरं केलंत. म्हणजे त्याला दुखत होतं आणि सोबतही हवी होती. संतोष वेगळा, बधिरपणा वेगळा.

हा फरक कळायला मला डॉक्टर पॉल ब्रँड यांच्या टाचेची गोष्ट फार आवडते.

ब्रँड यांचा जन्म 1914 सालचा, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. आईवडील मिशनरी. 1946 मध्ये ते शल्यचिकित्सक म्हणून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांच्या हातापायांत गुंतून गेले. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात, असा तेव्हा समज. रोग मुख्यतः नसा मारतो, दुखणं बंद होतं, आणि मग भाजणं, कापणं, घासणं कळेनासं होऊन बोटं जातात, हे त्यांनी चिकाटीने दाखवून दिलं.

तर 1950च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. ब्रँड अमेरिकेहून बोटीने इंग्लंडला आले. अंगात ताप. साऊदॅम्प्टनहून लंडनपर्यंत रेल्वेत अंग मुडपून बसलेले. रात्री खोलीवर बूटमोजे काढताना लक्षात आलं, टाचेला स्पर्शच कळत नाहीये! त्यांनी सुई घेतली आणि घोट्याखाली टोचली. काही नाही. आणखी खोल टोचली. रक्ताचा थेंब आला, दुखलं मात्र नाही. हजारो रुग्णांचे पाय असेच टोचून पाहिलेला हा माणूस. त्या टाचेचा अर्थ त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते कपड्यांनिशी अंथरुणावर पडून राहिले. बायकोमुलांपासून दूर राहावं लागेल का? शस्त्रक्रिया करणारे हात आता कुठले? रुग्णांना आपण इतकी वर्षं देत आलो तो धीर त्या रात्री त्यांच्या स्वतःच्या कामी आला नाही. उजाडलं. पुन्हा सुई घेतली, पुन्हा तिथेच टोचली, आणि ते ओरडले! दुखलं! रेल्वेत तासन्‌तास एकाच बाजूला दबून नस तेवढी सुन्न झाली होती. त्या कळेसाठी त्यांनी देवाचे आभार मानले, आणि पुढे आयुष्यभर वेदना ही देणगी आहे असंच सांगत राहिले. पुन्हा सांगतो, आभार मानले ते दुखलं म्हणून.

आता सेवेकडे वळू. आपल्याकडे सेवा म्हटलं की रुग्णालयात केळी वाटायची आणि केळं हातात असतानाच फोटो काढायचा. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुतात तेही आधीच घरून स्वच्छ धुऊन आलेले! असो. बधिर पाय धुण्याची खरी रीत ऐका. घरात कुणाला जुना मधुमेह असेल आणि पाय बधिर झाले असतील, तरी यातलं पुष्कळ लागू पडतं. मात्र त्यांनी पाय भिजवायचे का आणि किती वेळ, हे आधी डॉक्टरांना विचारावं.

कुष्ठरोगात नसा मेल्या की घामही थांबतो. कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, भेगेतून जखम होते. म्हणून रोज वीस ते तीस मिनिटं पाय पाण्यात बुडवून ठेवायचे. पाणी साधं, गरम नाही. गरम पाण्याने पोळलेलं कळतच नाही. मग भिजलेले घट्टे वजरीने हलके घासायचे. ब्लेड लावायचं नाही, उघडी जखम असेल तर घासायचं नाही. आणि पाय कोरडे न पुसता ओल्यावरच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचं. नुसत्या कोरड्या पायाला तेल चोपडून भागत नाही. तेल भिजलेलं पाणी आत धरून ठेवतं. पाणी आधी, तेल नंतर.

तळवे रोज बघायचे. स्वतःला दिसत नसतील तर दुसऱ्याने बघायचे. लाली दिसली, ऊब लागली की पायाला विश्रांती. चप्पल मऊ मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक छिद्रांच्या स्पंजासारख्या, रबराची, खाली टणक तळ, मागे पट्टा, आणि कुठेही खिळा नाही. अंगठ्यात अडकवायची चप्पल बधिर पायातून निसटते आणि पत्ता लागत नाही. कुष्ठरोगाच्या गोळ्या सहा किंवा बारा महिन्यांच्या, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण मेलेली नस गोळीने सहसा परत येत नाही, त्यामुळे पाय बघणं जन्मभराचं.

वेल्लोरला एक कोडं उरलं होतं. काही रुग्णांची बोटं रात्रीतून कमी व्हायची. पहारा ठेवला तेव्हा दिसलं, झोपेत उंदीर कुरतडत होते, आणि माणसाला जागच येत नव्हती. मग घरी निघालेल्या रुग्णासोबत एक मांजरही धाडायची पद्धत पडली.