सेल्फ फिरतोय, पण गाडी चालू होत नाही

श्रोतेहो, नमस्कार. वाईजवळ माझं गॅरेज आहे, गेली २७ वर्षं. पहाटे एखादी गाडी चालू होत नसली की तिचा आवाज सगळ्या आळीला ऐकू येतो. खर्रर्र, खर्रर्र करत सेल्फ फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो. मग हळूहळू तो आवाज जड होत जातो, आणि शेवटी नुसती टकटक उरते. मला तो आवाज ऐकवत नाही. बिघाड सापडायची खरी वेळ तीच असते, आणि ती सगळी सेल्फ मारण्यात निघून जाते. एकदा गाडी कशीबशी चालू झाली की बिघाड लपतो. मग माझ्याकडे येते ती चांगली, धडधडीत चालू असलेली गाडी. मी तपासू काय?

भिलारकडच्या एका स्ट्रॉबेरीवाल्या शेतकऱ्याची पिकअप अशीच येत होती. जुन्या पद्धतीचं डिझेल इंजिन, पंप मेकॅनिकल. "दादा, सकाळीच रुसते. एकदा चालू झाली की दिवसभर हाफ सेल्फला उठते." थंडीचे दिवस होते. महाबळेश्वरच्या पठारावर त्या दिवसांत पहाटे कडाका असतो, त्यामुळे आधी सगळ्यांनी थंडीवरच बोट ठेवलं. थंड इंजिन आतून तापवणारे हीटर प्लग बदलून झाले. बॅटरी नवी टाकली. कुणीतरी डिझेल फवारणारे नोझल काढून पंपाच्या दुकानात नेऊन आणले. पैसे गेले, आणि पहाटे चार वाजता माल भरलेली गाडी पुन्हा दारातच उभी.

मी त्यांना एकच विचारलं. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का? त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, उद्या पोराला मागं उभं करा. सेल्फ फिरताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण पेट घेत नाही. मग हीटर प्लग, बॅटरी, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, तिकडं बघायचं. धूर अजिबातच येत नसेल, तर डिझेल पोचतच नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला. धूर नाही. म्हणजे हीटर प्लगवर केलेला खर्च चुकीच्या जागी झाला होता.

तेवढ्यासाठी मी रात्री त्यांच्या वाडीवर मुक्कामाला गेलो. फिल्टरपासून पंपाकडे जाणाऱ्या नळीत डिझेलला चालणारा पारदर्शक पाइपचा तुकडा बसवला आणि झोपलो. पहाटे टॉर्च घेऊन बॉनेट उघडलं, तर त्या पाइपात डिझेल अर्ध्यावर. वरचा अर्धा भाग रिकामा, नुसती हवा. रात्रभरात डिझेल मागं टाकीकडं उतरलं होतं. गाडी लावायची जागा पाहिली, तर अंगणाला चढ, आणि गाडीचं तोंड चढाकडं. टाकी मागं खाली, फिल्टर पुढं वर. आदल्या वर्षी ते गाडी तोंड उताराकडं करून लावत, कारण धक्क्याची सोय. गोठा वाढवल्यावर जागा बदलली, आणि दुखणं तेव्हापासूनच सुरू झालं होतं. हे त्यांच्या आईंनी सांगितलं, त्यांनी नव्हे.

बिघाड सापडला तो टाकीकडून फिल्टरला येणाऱ्या रबरी नळीत. क्लिपाखाली केसाएवढी चीर. तिथून डिझेलचा एक थेंबही बाहेर येत नव्हता, म्हणूनच कुणाच्या नजरेत आली नाही. या बाजूला पंप डिझेल ओढून घेतो. त्यामुळे चिरेतून डिझेल बाहेर पडत नाही, हवा आत शिरते. वीतभर नळी आणि दोन क्लिपा बदलल्या, फिल्टरवरच्या हातपंपानं हवा काढली, आणि काम झालं. पारदर्शक तुकडा मात्र आठवणीनं काढून घ्या, तो फक्त बघण्यापुरता.

तुमची गाडी अशी असेल, तर दोन रात्री तोंड उताराकडं करून लावून बघा. सकाळी पहिल्या सेल्फला उठली, तर हवेचा संशय पक्का धरा. दुसरी खूण हातपंपाची. सेल्फ मारायच्या आधी तो दाबून बघा. चार-पाच दाबांत घट्ट झाला तर ठीक. वीस-तीस वेळा पोकळ लागला आणि मग गाडी उठली, तरी तेच.

इथं एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. हे सगळं जुन्या पंपाच्या गाड्यांचं. कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं नव्या पद्धतीचं डिझेल इंजिन असेल, तर नोझलकडं जाणारे लोखंडी पाइप सैल करून हवा काढायला जाऊ नका. त्या पाइपांत चालू इंजिनाला हजार बारच्याही वर दाब जातो. सुईएवढी धार कातडी फोडून आत शिरते, वरून टोचल्यासारखं दिसतं आणि आत मांस सडतं. बोट गमवायची वेळ येते. असं झालंच, तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा.

आता पेट्रोल गाड्या. किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका, कान मागच्या सीटकडं द्या. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत दोन सेकंद बारीक गुणगुण येते, तो टाकीतला पंप. आवाज नसेल तर फ्यूज आणि रिले, म्हणजे पंपाला वीज जोडणारा छोटा स्विच, बघा. त्याच नंबरचा हॉर्नचा रिले असेल, तर अदलाबदल करून लगेच कळतं. मग डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकतोय का बघा. तसं असेल तर गाडीनं किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली आणा, इंजिन खोलू नका.

पसरणी घाटात बंद पडणारी एक कार होती. वाईहून निघाली की अर्ध्या चढावर बंद. सेल्फ छान फिरे, इंजिन उठत नसे. अर्ध्या तासानं जणू काही झालंच नाही अशी चालू. पेट्रोल पंप बदलून झाला होता. मी त्या कुटुंबाबरोबर घाटात गेलो. गाडी बंद पडली, तशी सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघितला. जागचा हलला नाही. त्या गाडीत सेल्फवर तो थोडा तरी उचलतो. याचा अर्थ इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळतच नव्हतं, म्हणून ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही. हात भाजणार नाही अशा बेतानं ही खबर कॉम्प्युटरला देणाऱ्या क्रँक सेन्सरवर ओलं फडकं ठेवलं. दहा मिनिटांनी काटा हलला आणि इंजिन उठलं. सेन्सरच्या आतली तार गरम झाली की तुटत होती, थंड झाली की जुळत होती. गॅरेजमध्ये थंड गाडीवर हे सापडायला कितीही दिवस लागले असते.

काटा सगळ्याच गाड्यांत हलत नाही, म्हणून आपली गाडी चांगली चालू असताना तो काय करतो, हे आजच बघून ठेवा.

अंगणातली गाडी दहा फूट पुढं घेऊन लगेच बंद करण्याची सवय असते. थंड इंजिनाला जादा पेट्रोल गेलेलं असतं, ते जळायच्या आत आपण किल्ली फिरवतो, आणि नंतर ठिणगीचे प्लग ओले. मग पेट्रोलचा वास येतो आणि गाडी उठत नाही. अशा वेळी बहुतेक इंजेक्शन गाड्यांत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. इंजेक्टर तेवढा वेळ पेट्रोल बंद ठेवतात, हवेनं प्लग सुकतात. उठली की पाय सोडा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. आणि बॅटरी 'सेल्फ फिरवते म्हणजे चांगली' असं धरू नका. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साधारण साडेनऊच्या खाली गेली, तर सेल्फ फिरत राहतो, पण कॉम्प्युटर मान टाकू शकतो. एक आवाज मात्र ओळखून ठेवा. इंजिन नेहमी दाबून, थांबत थांबत फिरतं. ते एकदम हलकं, शिवणयंत्रासारखं सुळसुळ फिरायला लागलं, तर टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा, गेला असण्याची शक्यता आहे. तिथं हात आवरा. पुन्हा सेल्फ माराल, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात.

मेकॅनिककडं जाताना एवढं कागदावर लिहून न्या : गाडी थंड होती की गरम, किती तास उभी होती, चढावर की उतारावर, टाकीत तेल किती, पाऊस होता का, आणि धूर, वास, काटा यांपैकी काय दिसलं. सकाळीच रुसणारी गाडी असेल, तर ती सकाळी चालवत आणू नका. आदल्या संध्याकाळी आणून लावा, किल्ली ठेवून घरी जा. दुसऱ्या दिवशीचा पहिला सेल्फ मेकॅनिकला मारू द्या.