कंपनी गेली, इंजिन राहिलं

मित्रहो, ओळख करून देताना मला 'रेल्वेप्रेमी' म्हटलं गेलं. मी तसा नाही. 32 वर्षं डिझेल शेडमध्ये, म्हणजे रेल्वेची डिझेल इंजिनं जिथं तपासतात-दुरुस्त करतात तिथं, काढल्यावर अंगाला ल्यूब ऑइलचा वास तेवढा राहतो, प्रेमाचं काय ते तुम्ही ठरवा. दार्जिलिंगची वाफेची इंजिनं 1889 सालच्या घराण्यातली आहेत, अजून पर्यटकांना घेऊन घूमपर्यंत चढतात. त्यांचं कौतुक आहेच, पण ती लाडाकोडात वाढलेली. मला आज बोलायचंय ते लाड न झालेल्या डिझेल इंजिनांबद्दल. ही यार्डात शंटिंग करतात, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवतात, खडीची गाडी ओढतात. वरची वायर तुटली की विजेचं इंजिन जागचं हलत नाही, तेव्हा यांनाच हाक मारली जाते.

आपल्याकडे यांचं सगळ्यात मोठं खानदान म्हणजे अल्को. अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावची. 1962 साली त्यांची डब्ल्यूडीएम-2 ही इंजिनं भारतात उतरली. सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती. मग वाराणसीच्या कारखान्यात ती बनू लागली आणि जानेवारी 1964 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते तिथलं पहिलं इंजिन रेल्वेत दाखल झालं.

आणि 1969 मध्ये स्केनेक्टडीचा कारखाना बंद!

कारण ऐकण्यासारखं आहे. अल्कोच्या इंजिनांना लागणारं विजेचं सामान, म्हणजे जनरेटर आणि ट्रॅक्शन मोटर, जनरल इलेक्ट्रिक पुरवायची. ती कंपनीसुद्धा स्केनेक्टडीचीच, अगदी शेजारी. 1960 च्या सुमाराला शेजाऱ्यानं स्वतःचंच इंजिन बाजारात आणलं. वर डिझेल इंजिनांच्या धंद्यात जनरल मोटर्स आधीच डोक्यावर बसलेली. दोघांच्या मध्ये अल्को चिरडली गेली. आपल्या घराला पाणी देणाऱ्यानेच समोर हॉटेल काढावं, तसलं झालं.

कंपनी बुडाली की तिची यंत्रंही दहा-पंधरा वर्षांत भंगारात जातात, असा आपला अनुभव. तुमच्या घरातल्या मिक्सरचं भांडं आठवा. इथं तसं झालं नाही, कारण वाराणसीत पिस्टन, लायनर म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, आणि हेड म्हणजे त्याचं झाकण, बनत राहिले. नवी इंजिनं बनली, जुन्यांना सुटे भाग मिळाले. साधारण 18 वर्षांनी इंजिन पतियाळाच्या रेल्वे कारखान्यात जायचं, पार उघडून पुन्हा बांधलं जायचं आणि 2600 ची 3100 अश्वशक्ती होऊन परत यायचं. नियमानं डिझेल इंजिनाचं आयुष्य 36 वर्षं धरतात, म्हणजे हे ऐन मध्यावरचं बाळंतपण. लोखंड तसं म्हातारं होत नाही हो. बोगी म्हणजे खालचा चाकांचा सांगाडा, फ्रेम, आणि क्रँककेस म्हणजे यंत्राचं मुख्य कवच, नीट ठेवली तर खूप टिकतात. इंजिन म्हातारं ठरतं ते स्टोअरमधल्या माणसानं 'हा पार्ट आता येत नाही' म्हटलं, त्या दिवशी.

अमेरिकेतही असंच. पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनच्या बाजूला डेलावेअर-लॅकवाना नावाची एक छोटी मालवाहू रेल्वे आहे, ती अल्कोच्या इंजिनांवर चालते. मोठ्या रेल्वेनं टाकून दिलेली इंजिनं घ्यायची, एकाच जातीची ठेवायची आणि त्यांची दुरुस्ती अंगवळणी पाडून घ्यायची. हा हिशेब आहे, हौस नव्हे. दुसरं उदाहरण ऐकून तुम्ही हसाल. फ्लोरिडात नासाचं अवाढव्य क्रॉलर वाहन रॉकेट उभंच्या उभं उचलून लाँचपॅडवर नेतं. ते 1965 चं. त्याच्या पोटात अल्कोचीच 251 जातीची दोन सोळा सिलिंडरची इंजिनं आहेत, प्रत्येकी 2750 अश्वशक्तीची. अपोलोची रॉकेटं त्यांनी वाहिली, आणि 2022 मध्ये चंद्राकडे निघालेलं आर्टेमिसचं रॉकेटही. आमच्या खडीच्या गाडीचं सख्खं भावंड!

आता शेडमध्ये चला. म्हाताऱ्या माणसाची करतात तशी याचीही रक्ततपासणी होते. इंजिन तपासणीला आलं की ल्यूब ऑइलची छोटी बाटली भरून प्रयोगशाळेत जाते. तिथं ते तेल विजेच्या ठिणगीत जाळतात आणि उजेडाच्या रंगांवरून त्यात कोणता धातू किती ते कळतं. तांबं आणि शिसं वाढलं की बेअरिंग झिजतंय. लोह आणि क्रोमियम वाढलं तर लायनर आणि पिस्टनच्या रिंगा. सिलिकॉन म्हणजे धूळ, एअर फिल्टर फसवतोय. आणि सोडियम? इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात गंज चढू नये म्हणून क्षार घातलेले असतात. ते तेलात सापडले म्हणजे पाणी कुठूनतरी आत झिरपतंय.

यात एकट्या आकड्यावर जाऊ नये. मागच्या तीन-चार बाटल्यांशी तो ताडून पाहायचा. एका इंजिनाचा सोडियम असाच मुंगीच्या पावलांनी चढत होता, मर्यादेच्या आतच. वरिष्ठांना गाडी हवी होती, आणि कागदावर तेच बरोबर होते. आमचे चार्जमन, म्हणजे कामावर देखरेख करणारे, इंजिन सोडायचं नाही म्हणून हटून बसले. हेड उतरवल्यावर केसाएवढी भेग निघाली. पाणी दाबलं जात नाही, हे तुम्ही शाळेत शिकलात. सिलिंडरमध्ये ते साचलेलं असताना इंजिन चालू केलं असतं तर कनेक्टिंग रॉड वाकला असता, आणि मग क्रँककेसचीही खात्री नव्हती. वरिष्ठांनी पुढे त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आम्हीही नाही.

अल्को धूर फार ओकतं, अशी तक्रार असते. खरी आहे. ड्रायव्हरनं नॉच, म्हणजे ताकद वाढवायच्या दांड्याचा टप्पा, वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं, पण हवा कोंबणारा टर्बो निघणाऱ्या धुरावरच फिरतो, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ हवा अपुरी, म्हणून काळा लोट. फोटो काढणाऱ्यांना तोच आवडतो. आम्ही मात्र लोट किती वेळ टिकतो ते बघायचो. काळा लवकर विरला तर ठीक, निळसर राहिला तर कुठंतरी तेल जळतंय.

आता ब्रॉडगेजचे जवळपास सगळे मार्ग विजेवर गेले. दोन जुनी डिझेल इंजिनं जोडून, आतलं काढून 10,000 अश्वशक्तीचं विजेचं इंजिनही वाराणसीत करून पाहिलं गेलं. 2020 साली दहा डिझेल इंजिनं बांगलादेशला दिली, ती याच खानदानातली. मला त्याचं दुःख नाही, डिझेल स्वस्त नाही आणि धूर कुणाला हवाय? पण उरलेली इंजिनं अजून कामाला आहेत आणि त्यांचा आवाज ओळखणारे कमी होत चाललेत. निवृत्तीच्या आधी दोन वर्षं मी एका मुलाला आयडलवरच्या, म्हणजे जागेवरच चालू ठेवलेल्या, इंजिनाशेजारी उभा करायचो, डोळे मिटायला लावायचो आणि सोळातला कोणता सिलिंडर मार खातोय, म्हणजे नीट चालत नाही, ते सांग म्हणायचो. सुरुवातीला तो लाजायचा. सहा महिन्यांत दहातले सात बरोबर सांगू लागला. गेल्या वर्षी त्याची बदली विजेच्या इंजिनांच्या शेडला झाली.