उडीच्या आधीची पावलं

श्रोतेहो, नमस्कार.

7 जुलै 2010, डर्बन. विश्वचषक फुटबॉलचा उपान्त्य सामना, स्पेन विरुद्ध जर्मनी. आपल्याकडे तोवर तारीख बदलून रात्रीचे जवळजवळ दीड वाजले होते. सामन्याचं 73वं मिनिट, गोलफलक कोरा, आणि स्पेनला डाव्या कोपऱ्यातून कॉर्नर किक मिळाली. चेंडू लावायला गेला चावी एर्नांदेस. आपल्या वर्तमानपत्रांत त्याचं नाव झावी, झेवी असं काहीबाही छापून यायचं. बार्सिलोनाच्या भागातले कातालान लोक त्याला चावीच म्हणतात, अगदी आपल्या कुलपाच्या चावीसारखं. चावीनं उजव्या पायानं चेंडू आत वळवला, आणि लांब कुरळ्या केसांचा एक माणूस बॉक्सच्या बाहेरून धावत आला, हवेत उठला आणि त्यानं डोक्यानं चेंडू जाळ्यात मारला. गोलरक्षक नॉयर जागचा हलला तोवर सगळं संपलं होतं. स्पेन एक, जर्मनी शून्य. स्पेन पहिल्यांदाच विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचला.

तो माणूस म्हणजे कार्लेस पुयोल, बार्सिलोनाचा आणि स्पेनचा बचावपटू. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे, आणि सुरुवात या एका हेडरपासूनच करू, कारण पुयोलचा सगळा खेळ त्यात दिसतो.

आधी उंची बघा. पुयोल 1.78 मीटर, म्हणजे पाच फूट दहा इंच. बचावफळीच्या मधोमध खेळणाऱ्याला ही उंची कमीच. समोर जर्मनीचा मेर्टेसाकर होता, 1.98 मीटरचा. दोघं शेजारी उभे राहून जागच्या जागी उडी मारतील तर निकाल सांगायला पंच नको. म्हणून पुयोल शेजारी उभा राहिलाच नाही.

पेनल्टी बॉक्स गोलरेषेपासून साडेसोळा मीटर बाहेर येतो. पुयोल त्याच्याही बाहेर थांबला होता. बचाव करणाऱ्यांची नजर कोपऱ्यातल्या चेंडूवर असते; पाठीमागून किंवा लांबून येणारा माणूस आणि चेंडू एकाच वेळी डोळ्यांत मावत नाहीत. ही पहिली गोष्ट. दुसरी धावेची. उभ्याउभ्या उडी मारणाऱ्याला गुडघे वाकवून सगळा जोर तिथल्या तिथे काढावा लागतो. धावत येणारा शेवटचं पाऊल जरा लांब टाकतो, टाच रोवतो आणि पुढे जाणारा वेग वर वळवतो. हात मागून पुढे झटकतो, त्यानं आणखी थोडी उंची मिळते. तिसरी गोष्ट चेंडूच्या जागेची. चावीनं चेंडू गोलच्या तोंडाशी टाकला नाही, पेनल्टी स्पॉटच्या आसपास टाकला, गोलपासून दहा-अकरा मीटरवर. एवढ्या बाहेर गर्दीतून वाट काढत येणं गोलरक्षकाला परवडत नाही. तो रेषेवर थांबतो, आणि तिथून अशा जोरदार हेडरपुढे त्याचं काही चालत नाही.

ऐकायला सोपं वाटतं. करताना बिघडतं ते वेळेत. चेंडू हवेत असतो जेमतेम दीड-दोन सेकंद. धाव अर्धा सेकंद आधी सुरू केली की माणूस चेंडूच्या जागी लवकर पोचतो, थांबतो, आणि मग त्यालाही जागच्या जागीच उडी मारावी लागते. कमावलेलं सगळं गेलं. उशीर झाला तर चेंडू डोक्यावरून निघून जातो. आणि धावताना हात कुणाच्या पाठीला लागला की शिट्टी. डर्बनला त्या चेंडूसाठी स्पेनचाच पिके, 1.94 मीटरचा, उडी मारत होता. पुयोल त्याच्याही पुढून, जवळजवळ त्याला बाजूला सारत वर गेला. स्वतःच्या साथीदाराला ढकलल्याबद्दल फाउल देत नाहीत, हे बरं.

ही चाल बार्सिलोनाची, त्यांनी क्लबात घोटलेली. 2 मे 2009 ला माद्रिदच्या बेर्नाबेऊ मैदानावर बार्सिलोनानं रिअल माद्रिदला 6-2 हरवलं, त्यात दुसरा गोल असाच: चावीची फ्री किक, पुयोलचा हेडर. जानेवारी 2012 मध्ये त्याच मैदानावर कोपा देल रे या स्पॅनिश चषक स्पर्धेच्या सामन्यात चावीचाच कॉर्नर, आणि पुयोलनं पुढे झेपावत हेडर मारून बरोबरी साधली. अर्थात या माणसाला गोल करणारा म्हणणं चुकीचं ठरेल. बार्सिलोनासाठी 593 अधिकृत सामने, गोल 18. स्पेनसाठी 100 सामने, गोल तीन. त्यातला डर्बनचा सगळ्यांना आठवतो, एवढंच.

पुयोल जन्मला 13 एप्रिल 1978 ला, ला पोब्ला दे सेगुर नावाच्या गावी, कातालुन्याच्या डोंगराळ भागात, पिरेनीजच्या पायथ्याशी. शाळेत तो गोलरक्षक होता. खांदे दुखायला लागले म्हणून पुढे खेळायला लागला. 1995 मध्ये, सतरा वर्षांचा असताना, बार्सिलोनाच्या ला मासिया या प्रशिक्षण केंद्रात आला. तिथं बहुतेक मुलं दहा-बारा वर्षांची येतात आणि चेंडू पायाला चिकटवूनच वाढतात. पुयोल उशिरा आलेला, पायात तशी नजाकत नाही. त्याला मधल्या फळीत मागच्या बाजूला खेळवलं, मग राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू केलं. 1998 मध्ये मालागा क्लबाची मागणी आली होती आणि बार्सिलोना त्याला सोडायला तयारही होती. त्याच सुमारास त्याचा ला मासियातला दोस्त चावी मुख्य संघात खेळायला लागला. पुयोलनं मालागाला नाही म्हटलं. 2 ऑक्टोबर 1999 ला प्रशिक्षक लुई व्हान खालनं त्याला मुख्य संघातून वायादोलिदविरुद्ध उतरवलं. पुढे पंधरा हंगाम तो त्याच एका क्लबात खेळला.

त्याचं नाव झालं ते एका वर्षानं. लुईस फिगो हा पोर्तुगीज विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेनं चढाई करणारा, बार्सिलोनाचा लाडका होता. 2000 च्या उन्हाळ्यात तो थेट रिअल माद्रिदला गेला. 21 ऑक्टोबर 2000 ला तो पाहुणा म्हणून काम्प नोऊवर, बार्सिलोनाच्या मैदानावर आला तेव्हा सगळं मैदान त्याच्या नावानं बोंबलत होतं. प्रशिक्षक सेरा फेरेर यांनी बावीस वर्षांच्या पुयोलला एकच काम दिलं: फिगो जाईल तिथं तू.

श्रोतेहो, माणसाला माणूस बांधणं हे काम वाटतं तितकं अडाणीपणाचं नाही. विंगरकडे चेंडू पोचल्यावर त्याच्याशी झुंजणं हा शेवटचा उपाय. चांगला मार्कर त्याआधीच काम करतो. तो विंगरच्या आणि आपल्या गोलच्या मध्ये, हात लांबवला तर पाठीला लागेल एवढ्या अंतरावर राहतो. चेंडू त्याच्याकडे निघाला की चेंडूच्या प्रवासातच पुढे सरकतो, म्हणजे विंगरला वळायला जागाच उरत नाही आणि तो चेंडू मागे देऊन टाकतो. वळलाच, तर समोर छाती काढून उभं राहायचं नाही. एक खांदा पुढे, एक पाय मागे, असं तिरकं राहायचं. सरळ उभ्या माणसाच्या दोन्ही बाजूंनी किंवा पायांतून चेंडू काढता येतो. तिरक्या माणसानं एक बाजू आधीच बंद केलेली असते आणि दुसऱ्या बाजूला तो लगेच धावू शकतो. झेपावायचं नाही. समोरच्यानं चेंडू पायापासून अर्धा मीटर जास्त पुढे सारला की तेव्हाच पाय घालायचा.

यात धोका असा की मार्कर ओढला जातो. विंगर मुद्दाम मैदानाच्या मध्यात येतो, मार्कर मागोमाग, आणि त्याची मोकळी जागा दुसरा कुणी घेतो. म्हणून मागे कुणीतरी ती जागा भरायला हवा. एकट्याच्या भरवशावर ही योजना चालत नाही. त्या रात्री चालली. बार्सिलोना 2-0 जिंकली आणि फिगोचा खेळ असा दिसलाच नाही.

2002 च्या ऑक्टोबरमधली एक गोष्ट कातालान लोक आजही सांगतात. चँपियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा सामना, समोर मॉस्कोचा लोकोमोटिव. बार्सिलोनाचा गोलरक्षक जागा सोडून बाहेर आलेला, गोल उघडा, ओबियोरा फटका मारतोय. पुयोल रेषेकडे धावला आणि हात मागे ठेवून छाती पुढे केली. चेंडू बसला तो बरोबर क्लबच्या बिल्ल्यावर. लोकांना बिल्ला आठवतो. मला त्यात हातांचं कौतुक वाटतं. जिवाच्या आकांतानं आडवा येणाऱ्या माणसाचे हात आपोआप पसरतात, आणि चेंडू हाताला लागला की पेनल्टी आणि लाल कार्ड. ते भान अर्ध्या सेकंदात ठेवणं ही गोष्ट सरावाची आहे.

2004 मध्ये बार्सिलोनाचा कर्णधार लुईस एन्रिके निवृत्त झाला आणि पुयोल कर्णधार झाला. प्रशिक्षक रायकार्डच्या काळात तो मेक्सिकोच्या मार्केसबरोबर मधोमध खेळायचा. 17 मे 2006 ला पॅरिसमध्ये आर्सेनलला 2-1 हरवून त्यांनी चँपियन्स लीग जिंकली. त्यातला आर्सेनलचा गोल ज्या फ्री किकवर झाला ती पुयोलच्या नावावर लागली. एबूए त्याच्याजवळून जाताना फारसा धक्का नसताना पडला होता. बचावपटूच्या नशिबी हे असतंच.

2008 मध्ये ग्वार्दिओला प्रशिक्षक झाला आणि काम बदललं. आता बचावफळी मध्यरेषेजवळ उभी राहायची, म्हणजे पाठीमागे चाळीस-पन्नास मीटर मोकळं मैदान. एक लांब पास चुकवला की शर्यत सुरू. मधोमध जोडीला तोच पिके; उंच, पास देण्यात हुशार, पण धावायला जरा जड. मागची जागा राखणं हे पुयोलचं काम.

मागे धावतानाची सगळ्यात मोठी चूक म्हणजे चेंडूमागे धावणं. पुढे निघून गेलेल्या आघाडीवीराला त्याच्याच वाटेनं गाठता येत नाही. गोलकडे, पेनल्टी स्पॉटच्या रोखानं कापत धावायचं. तो बाजूनं वळसा घेऊन येतो, आपण सरळ जातो, आणि दोन मीटरची तूट तिथं भरून निघते. गाठल्यावरही घाईनं जमिनीवर घसरायचं नाही, कारण टॅकल चुकला की उठेपर्यंत दोन-तीन सेकंद आपण खेळातच नसतो. खांद्याला खांदा लावून त्याला बाहेरच्या बाजूला रेटत न्यायचं, म्हणजे गोलचा कोन कमी होतो आणि बाकीचे परत येतात.

हे नेहमी साधतं असं नाही. 11 जुलै 2010, जोहान्सबर्ग, विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर नेदरलँड्स. पुयोलला सोळाव्या मिनिटालाच पिवळं कार्ड मिळालेलं. 83व्या मिनिटाला लांबून आलेल्या चेंडूवर रॉबेन पुयोल आणि पिके दोघांच्याही पुढे गेला. पुयोलनं त्याला धरलं, चक्क धरलं. रॉबेन पडला असता तर पुयोल मैदानाबाहेर जाणं जवळजवळ ठरलेलं होतं. रॉबेनला गोल दिसत होता, तो पडला नाही. पण त्या ओढाताणीत त्याचा वेग मोडला आणि स्पेनचा गोलरक्षक कासियासनं पुढे येऊन चेंडू उचलला. पंच वेब यांनी काही दिलं नाही, रॉबेन चिडून त्यांच्याकडे धावला आणि स्वतःच पिवळं कार्ड घेऊन आला. जादा वेळेत, 116व्या मिनिटाला स्पेनच्या इनिएस्तानं गोल केला. त्या स्पर्धेत स्पेननं सात सामन्यांत फक्त दोन गोल खाल्ले, बाद फेरीच्या चारही सामन्यांत एकही नाही. त्या शून्यामागे रॉबेनचं ते न पडणंही आहे.

गरजेला तो कुठंही उभा राहायचा. 2009 च्या रोममधल्या चँपियन्स लीग अंतिम सामन्याला बचावपटू आल्वेस आणि आबिदाल निलंबित, मार्केस जायबंदी. पुयोल मुकाट्यानं राइट बॅकला गेला, मध्यभागी पिकेसोबत मधल्या फळीतला याया तूरे उतरला. मँचेस्टर युनायटेड 2-0 नं हरला. 2011 च्या अंतिम सामन्यात, लंडनच्या वेम्ब्लीवर, तो शेवटच्या दोन-तीन मिनिटांपुरता आत आला. पण चषक उचलायची वेळ आली तेव्हा त्यानं कर्णधाराचा पट्टा आबिदालच्या दंडावर चढवला. आबिदालच्या यकृतातली गाठ मार्चमध्ये काढली होती, आणि मे महिन्यात तो पूर्ण सामना खेळला होता. एप्रिल 2012 मध्ये रायो वायेकानोवर गोलांचा पाऊस पडत असताना आल्वेस आणि थियागो नाचायला लागले, तर पुयोलनं जाऊन दोघांना मागे पिटाळलं. बार्सिलोना 7-0 जिंकली.

या खेळाची किंमत गुडघ्यांनी मोजली. धावत येऊन उडी मारायची, गर्दीत एका पायावर उतरायचं, वळून पुन्हा पन्नास मीटर धावायचं; उतरतानाचा भार शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट असतो आणि गुडघ्यातली कूर्चा एकदा झिजली की पूर्वीसारखी भरून येत नाही. 2011, 2012, 2013, दर वर्षी गुडघ्यावर शस्त्रक्रिया. 2012 चा युरो चषक त्यातच हुकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गालाचं हाड मोडलं, सप्टेंबरमध्ये मुखवटा लावून खेळताना गुडघा दुखावला, आणि 2 ऑक्टोबरला लिस्बनमध्ये बेनफिकाविरुद्ध कॉर्नरवर उडी मारून हातावर पडला नि कोपर निखळलं. तो कॉर्नर बार्सिलोनाचा होता, आणि संघ पुढे होता.

2 मार्च 2014 ला बार्सिलोनानं अल्मेरियाला 4-1 हरवलं. 83व्या मिनिटाला पुयोलनं गोल केला, 89व्या मिनिटाला चावीनं. दोनच दिवसांनी पुयोलनं जाहीर केलं की हंगाम संपला की आपण क्लब सोडतोय. शस्त्रक्रियांनंतर स्वतःला हवा तसा खेळ परत येत नाही, हे कारण त्यानं दिलं. अल्मेरियाविरुद्धचा तो त्याचा शेवटचा सामना ठरला.