आधी आजी

श्रोतेहो, सलाम.

बायबलमधलं, प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र उघडलं, की पहिल्याच अध्यायात एक आजी भेटते. लोईस. मग आई, युनीके. विश्वास आधी आजीच्या ठायी होता, मग आईच्या, मग तीमथ्याच्या. आधी आजी, हे ध्यानात ठेवा.

माझी आजी राहुरीकडच्या खेड्यातली. तिला अक्षरओळख नव्हती. दिवेलागणीला ती मांडीवर सूप घेऊन बाजरी निवडायला बसायची आणि मला कंदिलापाशी शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला बसवायची. रोज एक अध्याय. मी आठ वर्षांचा. बाहेर पोरांचा लपंडाव रंगलेला असायचा आणि माझा सगळा जीव तिकडे.

एका संध्याकाळी लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आला. उधळ्या पुत्राचा, बापाचं धन उडवून घरी परतणाऱ्या मुलाचा. बत्तीस वचनं! आजीला कुठं वाचता येतंय, असं म्हणून मी मधली काही वचनं गाळली. मुलगा डुकरं राखतो, उपाशी मरतो, घरी जायचं ठरवतो, आणि मी थेट मेजवानीवर आलो.

आजीचा हात सुपातच थांबला.

"बाप धावला न्हाई व्हय रं?"

मी गप्प.

"पोरगं लांब हाय तवाच म्हातारा धावतो. माघारी जा. धावू दे त्याला."

मी माघारी गेलो. गाळलेलं सगळं वाचलं. मान वर केली तर आजी पदरानं डोळे पुसत होती. मी विचारलं, "आजी, तुला कसं गं पाठ?" म्हणाली, "माझ्या बापानं सांगितलं. त्यानं कीर्तनात ऐकलं व्हतं." त्या बापालाही वाचता येत नव्हतं, श्रोतेहो. कानानं घेतलं आणि तोंडानं दिलं.

ख्रिस्ती कीर्तन ही आपल्या नगरची देणगी. आता चर्चमध्ये कीबोर्ड आले, ड्रम आले. वाजवणारी मुलं गुणी आहेत, पण भजनाला टाळ हवेत. टाळ हातात आला की मागच्या बाकावरची म्हातारी माणसंही गाऊ लागतात. पेटी आणि टाळ, एवढं तरी ठेवा.

घरातल्या एकाचं काम दुसरा कसं पुढं नेतो, त्यासाठी कवी रेव्हरंड टिळकांच्या घरचंच बघा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधली पाच वर्षं त्या माउलीनं किती सोसलं! १९१९ साली टिळक गेले तेव्हा ख्रिस्ताच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. कधी शाळेत न गेलेल्या बाईनं!

आपण मात्र मुलांना रविवारी तासभर संडे स्कूलला सोडतो आणि काम झालं समजतो. शिकवणाऱ्या ताई मनापासून शिकवतात, पण उरलेले सहा दिवस मूल आपल्याच घरात असतं. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, सहाव्या अध्यायात, मुलांना शिकवायची ठिकाणं दिली आहेत: घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. घरी बसताना, हे पहिलं.

माझी नात इंग्रजी शाळेत जाते. जोडाक्षराला अडते, बोट ठेवून एकेक शब्द लावते. मी मध्ये बोलत नाही. रोज एक अध्याय, जेवणाआधी. काल मार्क संपला. आज लूक सुरू करतोय. पंधराव्याला पोचायला अजून दोन आठवडे आहेत.