काचेवरचा पहिला स्फटिक

(दृश्य: शंकूपात्रात पांढरी पूड पडते)

आज ॲस्पिरिन बनवू. ही पूड सॅलिसिलिक ॲसिडची. तिच्यावर ॲसिटिक ॲनहायड्राइड ओतलं की नाकाला झोंबणारा आंबूस वास सुटतो, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटातच, करायचं. आता सल्फ्युरिक ॲसिडचे काही थेंब. गरम पाण्यात पात्र धरून हलवत राहिलं की पूड विरघळते, द्रव नितळ होतो.

(दृश्य: रेणूची प्रतिकृती)

डोळ्यांना एवढंच दिसतं. आत मात्र एका ऑक्सिजनवरचा हायड्रोजन सुटतोय आणि त्या जागी दोन कार्बनचा छोटा गट येऊन बसतोय. कार्बनला चार बंध करता येतात आणि तो स्वतःशीच लांबलचक साखळ्या, कडी जोडत जातो. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन: एका तऱ्हेने जोडले तर अल्कोहोल, ७८ अंशांना उकळणारं. दुसऱ्या तऱ्हेने जोडले तर डायमिथाइल ईथर, साध्या तापमानाला चक्क वायू. हे हातात प्रतिकृती घेऊन फिरवून बघायचं सोडून आपण मुलांकडून अभिक्रिया घोकून घेतो, याचं फार वाईट वाटतं.

(दृश्य: जुनी चित्रं)

सजीवांमधले पदार्थ बनायला प्राणशक्ती लागते, असं एकेकाळी भले भले रसायनशास्त्रज्ञ मानत. १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश व्होलर यांनी अमोनियम सायनेट या निर्जीव क्षारापासून युरिया मिळवला. तोच, जो लघवीत असतो. ती समजूत एका दिवसात गेली नाही, पण तिला तडा गेला तो इथे. पुढे औषधं आली, रंग आले, प्लास्टिक आलं आणि वर्षानुवर्षं न कुजणारा कचराही.

(दृश्य: बर्फातलं पात्र, अगदी जवळून)

उरलेलं ॲनहायड्राइड मोडायला थोडं पाणी घातलं, पात्र बर्फात ठेवलं. कधीकधी काहीच होत नाही. मग काचकांडीने आतून हलकेच घासायचं. बघा, ओरखड्यापाशी पहिला स्फटिक धरला! आता सगळीकडे सुया. हे ॲस्पिरिन.

गाळून, धुऊन, चिमूटभर घेऊन त्यावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला. जांभळं झालं. म्हणजे मूळचं सॅलिसिलिक ॲसिड अजून शिल्लक आहे. तेव्हा पुन्हा गरम द्रावकात विरघळवायचं, सावकाश गार होऊ द्यायचं आणि गाळून पुन्हा तपासायचं.